दाराजवळचं काउंटर कुणाला? दुकानांतल्या मुली, रंगरूप आणि चुरस

निशिगंध:
लक्ष्मी रोडची साड्यांची दालनं घ्या, दादरची घ्या, कोल्हापूरची गुजरी किंवा जळगावचा सराफ बाजार घ्या. काउंटरवर आता बऱ्याच ठिकाणी मुलीच असतात. पगार जेमतेम, वर विक्रीवर इन्सेंटिव्ह. यातल्या कितीतरी दुकानांत एक मांडणी न बोलता ठरलेली असते. उजळ, सडपातळ मुलगी दाराजवळ. सावळी, अंगाने भरलेली किंवा तोंडावर वांग असलेली मागे, घड्या घालायला. मग हळूहळू डबे वेगळे होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर चौघींचा निराळा ग्रुप निघतो, "आज पावडर जास्त झाली का गं" सुरू होतं, आणि ऐन लग्नसराईत कामात मुरलेली मुलगी नोकरी सोडते. मालकापासून घरच्यांपर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: बायकांचं बायकांशी पटत नाही.

हे उत्तर मला खोटं वाटतं आणि त्याची चीडही येते. इथे दुकानदारी, त्वचेचे प्रश्न, कायदा नीट माहीत असलेली मंडळी आहेत. आपापल्या कहाण्या नकोत. काय केलं की फरक पडतो, काय केलं की बिघडतं, ते खुलासेवार लिहा.

प्रपंची:
भांडण चेहऱ्यावरून दिसतं, पण त्याची सुरुवात गिऱ्हाइकांच्या वाटणीत असते. आधी हिशेब बघा. समजा दिवसभरात पुढच्या काउंटरला ३० गिऱ्हाइकं आली आणि १२ बिलं झाली. मागच्या काउंटरला १४ आली, ७ बिलं झाली. महिनाअखेरीला मालक बिलं मोजतो. पुढची १२, मागची ७. पुढची हुशार ठरते, तिला इन्सेंटिव्ह मिळतो, पुढच्या महिन्यात ती पुन्हा पुढेच. प्रत्यक्षात पुढचीने शंभरातली ४० गिऱ्हाइकं जिंकली आणि मागचीने ५०. चांगली विक्री मागची करते आहे आणि दुकानात हे कुणालाच, तिला स्वतःलाही, माहीत नाही. ती समजते आपला रंग नडला. एका अर्थी नडलाच, कारण रंगामुळे ती मागे गेली. पण विकण्यात ती कुठेच कमी नव्हती.

म्हणून पहिलं काम वहीचं. प्रत्येक काउंटरला रोज एक पान. गिऱ्हाईक आलं की एक रेघ, बिल झालं की रेघेला गोल. लग्नाच्या खरेदीला आलेलं आठ जणांचं कुटुंब म्हणजे एकच रेघ. दारावरची मोजणारी यंत्रं डोकी मोजतात, त्यांचा आकडा इथे उपयोगाचा नाही. फॉल-पिको, पॉलिश, दुरुस्ती, बदलून न्यायला आलेले वेगळ्या रकान्यात. आणि रेघ काउंटरवरच्या मुलीने ओढायची नाही, दारावर स्वागताला उभी असलेल्या व्यक्तीने ओढायची. नाहीतर काहीही न घेता गेलेल्या गिऱ्हाइकांची नोंदच होत नाही आणि सगळ्यांचंच प्रमाण ऐंशी-नव्वदावर दिसायला लागतं. वही फसते ती बहुतेक वेळा इथेच.

महिनाभराची वही झाली की ती आकड्यांसकट सगळ्यांसमोर ठेवायची. बंद दाराआड मालकाने बघितली तर संशय दुप्पट होतो.

कर्णफूल:
प्रपंची यांच्याशी सहमत. साडी आणि दागिना अंगावर लावून दाखवण्याबद्दल भर घालते.

"पदर गोऱ्या खांद्यावर उठून दिसतो" हा मालकांचा आवडता मुद्दा. पण साडी नेसणार गिऱ्हाईक, आणि आपल्याकडचं गिऱ्हाईक बहुतांशी गव्हाळ नाहीतर सावळं. गोरीच्या खांद्यावर फिका गुलाबी किंवा मोतिया सुंदर दिसतो, घरी नेल्यावर स्वतःवर वेगळा दिसतो आणि साडी बदलायला परत येते. तोच पदर सावळ्या खांद्यावर टाकला तर गिऱ्हाइकाला दुकानातच अंदाज येतो. चिंतामणी, अंजिरी, रामा, बॉटल ग्रीन हे रंग तर सावळ्या अंगावर काठासकट झळकतात. त्यामुळे दोन वेगळ्या वर्णांच्या मुली जोडीने उभ्या करायच्या आणि एकच साडी दोघींच्या खांद्यांवर टाकून दाखवायची.

दिवे फार महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. स्वस्त, निळसर पांढऱ्या ट्यूबखाली (खोक्यावर ६५०० केल्व्हिन लिहिलेलं असतं) सावळी त्वचा राखाडी, थकलेली दिसते. ३००० ते ४००० केल्व्हिनचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वरचा दिवा लावला की तीच त्वचा जिवंत दिसते, शिवाय जरीचा आणि सोन्याचा रंगही खरा दिसतो. मागच्या काउंटरवर बऱ्याचदा जुन्या ट्यूब तशाच ठेवलेल्या असतात. म्हणजे मुलीला मागे पाठवायचं, वर वाईट उजेडात उभं करायचं, आणि मग ती "फ्रेश दिसत नाही" म्हणायचं!

मेकअप किटचंही तसंच. दुकान घाऊक फाउंडेशन घेतं, एकाच शेडचं, आणि ते सगळ्यांनी लावायचं. सावळ्या चेहऱ्यावर ते पिठूळ दिसतं आणि टोमण्यांना आयतं निमित्त मिळतं. शेड निवडायची तर मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला. तीन शेडच्या तीन रेघा ओढायच्या, दहा मिनिटं थांबायचं (हवेने रंग गडद होतो), मग दुकानाच्या बाहेर उजेडात बघायचं. जी रेघ दिसेनाशी झाली ती शेड आपली. दुकानाला किट द्यायचंच असेल तर निदान चार शेड ठेवावेत, नाहीतर पैसे द्यावेत आणि ज्या त्या मुलीला आपलं आणू द्यावं.

आणि रील! हल्ली सगळ्यात जास्त जळफळाट त्यावरून होतो. कोण झळकणार ते मोबाइल हातात असलेला माणूस ठरवतो. सौंदर्याचा फिल्टर बंद करून शूट करावं, कारण बरेच फिल्टर रंग उजळ करतात आणि साडीचाही रंग बदलतात. काठ, पदर, हातातल्या पाटल्या, गळा एवढंच चौकटीत घेतलं तर चेहऱ्याचा प्रश्नच राहत नाही. मुलींच्या दिसण्यावर आलेल्या कमेंट त्याच दिवशी काढायच्या, कौतुकाच्यासुद्धा.

अंगणवेल:
सगळं वाटणीवर ढकलू नका. ग्रूमिंग, वही, दिवे सुधारले तरी टोमणे राहतातच, कारण ते घरूनच येतात. "गोरी, सडपातळ" लिहिलेली स्थळं, हळदीत "रंग उजळला हो" म्हणणाऱ्या काकू, सगळं सोबत येतं. १९७५ साली बाजारात आलेल्या क्रीमच्या नावातला गोरेपणा २०२० साली गेला, मनातला इतक्या लवकर जात नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच, जवळच्या माणसांशी ताडून. सिनेमातल्या नटीचा हेवा वाटला तरी तो दुखत नाही. शेजारच्या काउंटरवरची, त्याच पगाराची, त्याच बसने येणारी मुलगी दुखते. तेव्हा प्रत्यक्ष बोलण्यात काय करायचं हे लिहिते.

"तुला हा रंग उठत नाही गं" याला "तुला तरी कुठे उठतो" म्हटलं की सामना सुरू झाला. तिच्या वैगुण्यावर कधीच बोट ठेवायचं नाही, ते पुढे महिनाभर पुरतं. छोटं वाक्य आणि लगेच काम: "माझ्या रंगावर नको बोलूस. तो ट्रे दे इकडे." हसायचं नाही, आवाजही चढवायचा नाही. हसून सोडलं तर समोरच्याला ती परवानगी वाटते. गिऱ्हाइकासमोर झालं असेल तर तिथे गप्प राहायचं, पण त्याच दिवशी, ती एकटी असताना, नेमके शब्द सांगायचे: "मघाशी त्या काकूंसमोर मला काळी म्हणालीस. परत म्हणायचं नाही." "तू नेहमीच असं करतेस" म्हटलं की ती "कधी केलं?" विचारते आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.

सगळ्यात जास्त ताकद तिसरीच्या हातात असते. "अगं, मस्करी करते ती, मनावर नको घेऊस" हे तिसरीचं वाक्य टोमण्यापेक्षा वाईट, कारण त्याने दुखावलेली एकटी पडते. तिसरीने एवढंच म्हणावं, "हे बरोबर नाही बोललीस." तेवढं पुरतं.

फ्लोअर मॅनेजरांसाठी: दोघींना समोरासमोर बसवून "हात मिळवा आणि विसरा" करू नका. आधी वेगवेगळं भेटा, पंधरा मिनिटं पुरे. काय शब्द बोलले गेले, कधी, आणि तेव्हा तिथे कोण होतं, एवढंच विचारा. "तुमच्यात बिनसलंय का" हा प्रश्न नको. आणि कौतुक करताना जीभ सांभाळा. "आज छान दिसतेस" म्हटलं की बाकीच्या चौघी मनात स्वतःला गुण देतात. त्याऐवजी "सासू, सून आणि नणंद तिघींचं एका शालूवर एकमत केलंस" म्हणा. ते बाकीच्यांना शिकण्यासारखंही असतं. सकाळची तपासणी केस बांधलेले, नखं कापलेली, साडीला इस्त्री, नावाची पट्टी एवढ्यावर थांबवा. "वजन वाढलं का?" हा तपासणीचा विषय नाही.

सायली_त्वचा:
या चुरशीतून एक ट्यूब हातोहात फिरते, त्याबद्दल कळकळीने लिहिते आहे. "अगं, मी हेच लावते, पंधरा दिवसांत फरक" म्हणून स्टाफरूममध्ये एकीकडून दुसरीकडे जाते. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं शोधा: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. शेवटची दोन स्टेरॉइडं. बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल दिसलं तरी तेच. वांगासाठी डॉक्टर हे मिश्रण मोजके आठवडे देतात, रात्री, देखरेखीखाली. रोजचं क्रीम म्हणून ते नाहीच. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी विकली जातात.

काय होतं: पहिले दोन-तीन आठवडे चेहरा खरंच उजळतो, मऊ होतो, म्हणून विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसतात, दाणेदार पुरळ येतं, हनुवटीवर लव वाढते, उन्हात आग होते. बंद केलं की दोन-तीन दिवसांत चेहरा लालभडक होऊन भाजल्यासारखा होतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. हे चक्र घरच्या घरी मोडू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, किती दिवस आणि किती लावलं ते खरं सांगा. ते हळूहळू कमी करत आणतात. हळद-लिंबू-बेसन तर या काळात अजिबात नको, पातळ झालेल्या त्वचेवर लिंबू म्हणजे जखम.

याहून भयंकर म्हणजे लेबल नसलेली, ब्यूटी पार्लरमधून किंवा बाहेरून आणून डबीत भरून दिलेली क्रीमं. त्यांत पारा असू शकतो. लेबल असलंच तर मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी अशी नावं असतात. सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याची मर्यादा दहा लाखात एक भाग आहे, डोळ्यांच्या प्रसाधनांना फक्त थोडी सवलत. पारा त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण नोंदवले, त्यातल्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमं लावल्याचं सांगितलं. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना अशाच क्रीममुळे मूत्रपिंडाचा त्रास झाल्याचं मुंबईत तपासणीत निघालं होतं. लघवीला न विरणारा फेस, सकाळी पापण्या सुजणं, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहणं यातलं काही दिसलं तर क्रीम त्या दिवशी बंद, लघवीतलं प्रोटीन तपासा आणि डबी डॉक्टरांना दाखवा. डबी फेकू नका.

वांगाला खरोखर उपयोग होतो तो सनस्क्रीनचा. एसपीएफ ३० किंवा वर, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, घराबाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं. स्कूटीवर जात-येत असाल तर परतीच्या वेळी ऊन असल्यास पुन्हा. लोक वाटाणाभर लावतात आणि क्रीम निकामी आहे म्हणतात.

अबोली:
पुढे बसवलेल्या मुलीबद्दल कुणी लिहिलं नाही. तिचंही नुकसान होतं. तिला फक्त पदर टाकून उभं राहायला मिळतं, माल हातात येत नाही. मागे घड्या घालणारीला कुठल्या कप्प्यात मुनिया काठ, कुठे नारळी, कुठल्या गठ्ठ्यात अस्सल रेशीम आणि कुठे मिश्र, सगळं पाठ असतं. "यातच बारीक काठ दाखवा" म्हटलं की पुढचीला मागे धावावं लागतं, आणि जिच्याशी बोलणं बंद तिलाच विचारावं लागतं. बिल गेलं की दोघी एकमेकींवर. शिवाय चांगली विक्री केली तरी "तोंड बघून घेतात" हेच ऐकू येतं, आणि गिऱ्हाइकांतले पुरुष नंबर मागतात ते वेगळंच.

जोडी लावावी. बिलावर दोघींची नावं, इन्सेंटिव्ह निम्मा-निम्मा. बऱ्याच बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीला सेल्समनचा कोड टाकता येतो. नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात दुसरा कोड लिहून महिनाअखेरीला हाताने हिशेब. सगळ्या दुकानाचा इन्सेंटिव्ह एकत्र करून समान वाटणं मात्र टिकत नाही, मेहनती मुलगी तीन महिन्यांत कंटाळते.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार, सायलीताईंचा प्रतिसाद तर स्टाफरूमच्या भिंतीवर लावावा असा आहे. दोन शंका. बोलणं हद्दीबाहेर गेलं तर कायद्यात काय आहे? आणि प्रपंची, काउंटर आळीपाळीने द्यायचं म्हटलं तर नेमकं कसं? तोंडी ठरवलेलं आठवड्यात मोडतं.

तळटीप:
खासगी नोकरीत रंगावरून डावललं तर थेट लागू पडेल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, हे आधी स्वच्छ सांगतो. पण २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे आणि त्यात लैंगिक रोखाची शेरेबाजी येते. "ही पुढे कशी आली ते माहितीये सगळ्यांना", अंगाच्या ठेवणीवरचे शेरे, फोटोंखालच्या अशाच कमेंटी यात बसू शकतात. नुसतं "काळी", "जाडी" सहसा बसत नाही, त्यासाठी व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार. शेरा मारणारी बाई असली तरी तक्रार चालते. कायद्यात "पुरुष" नाही, "व्यक्ती" असा शब्द आहे, आणि कोलकाता उच्च न्यायालयाने २०२० साली हेच सांगितलं.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर दुकानात अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि बाहेरचा एक सदस्य. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार (समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने), चौकशी ९० दिवसांत. त्यासाठी तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावं त्याच रात्री लिहून ठेवा. चॅटचा स्क्रीनशॉट घेताना वरचं नाव आणि तारीख दिसू द्या, आणि तो दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. या कायद्यातल्या तक्रारीची गुप्तता पाळावी लागते.

रंगाच्या आडून जात काढली जाते, हेही विसरू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलीला चारचौघांत जातीवरून हिणवलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. तिथे दुकानाची समिती नाही, पोलीस ठाणं.

अंगणवेल:
तळटीप, नेमकं लिहिलंत. एक जोड: एखादी मुलगी दिवसातला तासभर किंवा जास्त एकाच डागाचा, नाकाचा विचार करते, सतत आरसा बघते किंवा उलट आरसाच टाळते, सुट्ट्या घेते, तर ते टोमण्यांच्या पलीकडे गेलंय. समजावून जात नाही, उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रपंची:
निशिगंध, आळीपाळीचं. आठवड्याने काउंटर बदलू नका. एकीचा आठवडा पितृपक्षात येतो, दुसरीचा नवरात्रात, आणि भांडण जिथल्या तिथे. रोज बदला.

पाच काउंटर, पाच जणी: रोज प्रत्येकीने एक काउंटर पुढे सरकायचं, पहिलीने शेवटी जायचं. आज रविवारी पुढे असलेली पुढच्या रविवारी आपोआप वेगळ्या जागी असते, आणि पाच आठवड्यांत प्रत्येकीला एक रविवार पुढचा मिळतो. पण सात काउंटर आणि सात जणी असतील तर हाच नियम फसतो. सात दिवसांनी सगळ्या मूळ जागी येतात, म्हणजे दर रविवारी पुढे तीच. तिथे दर सोमवारी एकाऐवजी दोन पावलं सरकायचं. मग सात आठवड्यांत सगळ्यांचे रविवार फिरतात.

मोडतं कुठे? साप्ताहिक सुट्टीत. पुढची मुलगी सुट्टीवर असली की सुपरवायझर हमखास आपल्या आवडत्या मुलीला पुढे उभं करतो. नियम लेखी हवा: सुट्टीवर असलेलीची जागा क्रमाने तिच्या मागची घेईल, तिची तिच्या मागची. दांडी असली तरी तेच.

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी, बलिप्रतिपदा यांचा कागद निराळा ठेवा. हे दिवस वर्षातून एकदाच येतात, तेव्हा दिवसाऐवजी तीन-तीन तासांनी पुढची मुलगी बदला. संध्याकाळी सहा ते नऊची पाळी सगळ्यात जड, ती कुणाला मिळाली ते लिहून ठेवा, पुढच्या मुहूर्ताला ती दुसरीला. मोठी खरेदी अर्ध्यावर असताना पाळी संपली तर गिऱ्हाईक तोडायचं नाही. जिने सुरू केलं तिनेच बिलापर्यंत न्यायचं, आणि पुढची तोवर शेजारी उभी राहून नवीन गिऱ्हाईक घेईल. हा कागद मालकाच्या सहीने घड्याळाशेजारी लावा. स्टाफरूममध्ये लावलेला कागद सुपरवायझरला दिसत नाही.